नट किती आवळावा?

कुळगी हे उत्तर कन्नडमधले रानातले गाव. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बारा-एक किलोमीटरवर. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे पर्यटकांना ते ठाऊक आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल इथे घराच्या मागच्या दारापर्यंत येते. अशा गावात गाडी ठेवणाऱ्याची अडचण शहरातल्या गाडीवाल्याहून वेगळी असते. टायरचे दुकान, सर्व्हिस सेंटर, सुटे भाग, हे सगळे दांडेलीला, नाहीतर त्याही पुढे हल्याळ, हुबळी, बेळगावला. अणशी घाटाने कारवारला उतरताना किंवा उळवीच्या रस्त्याला चाक बसले, तर स्टेपनी आपली आपणच बदलायची. दिवस मावळल्यावर हत्ती आणि बिबट्यांच्या रानात गाडीबाहेर बसून करायचे हे काम पंधरा मिनिटांत उरकले पाहिजे.

ते उरकत नाही, याचे नेहमीचे कारण म्हणजे नट सुटत नाही. जॅक लागतो, स्टेपनीत हवा असते, पण डिकीतल्या पान्याने नट तसूभर हलत नाही. लोक गंजाला दोष देतात. या भागातला पाऊस पाहता गंज असतोच, पण बऱ्याचदा खरे कारण असते ते मागच्या खेपेस टायरच्या दुकानात हवेच्या गनने दिलेला पीळ. अर्ध्या इंची गनचा जोर ४००-५०० न्यूटन मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. गाडीच्या कंपनीने सांगितलेला पीळ साधारण त्याच्या पाचव्या हिश्शाचा असतो. याच्या उलट घोटाळाही होतो. घाईत हाताने बसवलेला नट कमी आवळला जातो आणि घाटात चाक खडखडू लागते. दोन्ही टाळायचे तर नट किती आवळला हे मोजावे लागते. त्यासाठीचे हत्यार म्हणजे टॉर्क रेंच. तो घरी असावा असे माझे ठाम मत आहे. मात्र तो कसा निवडायचा, आणि त्याच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

आधी पीळ म्हणजे काय ते पाहू. जात्याचा खुंटा वरच्या तळीच्या कडेला बसवलेला असतो, मध्याजवळ नसतो. कडेला धरले की तेवढ्याच जोरात दळण सोपे जाते. पान्याचे तेच आहे. लावलेला जोर आणि मध्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे पीळ, आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. दहा किलोचे वजन मध्यापासून अर्ध्या मीटरवर टांगले तर सुमारे ४९ न्यूटन मीटर पीळ पडतो. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मारुतीच्या अनेक लहान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटासाठी ८५ न्यूटन मीटर दिलेले असतात, नव्या काही मॉडेलमध्ये १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३. ह्युंदाईच्या जुन्या लहान गाड्यांना ९ ते ११ किलोग्रॅम-बल मीटर, म्हणजे साधारण ८८ ते १०७ न्यूटन मीटर. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या; शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही.

आता ८५ न्यूटन मीटरने नेमके होते काय? नट फिरतो तेव्हा तो स्टडला, म्हणजे ज्या आटेदार दांड्यावर तो चढतो त्याला, ताणत असतो. स्टड पोलादाचा आहे, तरी तो केसभर लांबतो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या आखडण्याच्या जोराने चाक हबवर दाबून धरले जाते. १२ मिलिमीटरच्या कोरड्या, स्वच्छ स्टडवर ८५ न्यूटन मीटर दिले तर हा दाब सुमारे ३५,००० न्यूटन भरतो, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. असे चार नट म्हणजे एका चाकामागे चौदा टन. चाक हबवर टिकते ते या दाबामुळे दोन पृष्ठभागांत होणाऱ्या घर्षणावर. स्टड खुंटीसारखे चाकाचा भार पेलतात असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चुकीचा आहे. दाब कमी पडला की चाक हबवर सूक्ष्मसे सरकू लागते, दर फेऱ्याला स्टड वाकतो, सरळ होतो, आणि शेवटी थकून तुटतो. तुटलेल्या स्टडमागे ढिला नट निघतो तो यामुळे.

या हिशेबात एक मोठी मेख आहे. तुम्ही दिलेल्या पिळातला साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, जवळजवळ चाळीस टक्के आट्यांत घासण्यात जातो, आणि स्टड ताणायला उरतात फक्त दहा टक्के. म्हणजे टॉर्क रेंच मोजतो ते मुख्यतः घर्षण. आपल्याला हवा असलेला दाब त्यावरून अंदाजानेच कळतो. आट्यांना तेल लावले की घर्षण घटते, आणि त्याच ८५ न्यूटन मीटरला स्टड तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त ताणला जातो. गंज किंवा माती असेल तर उलट होते: पाना पुरा पीळ दाखवतो आणि चाक मात्र पुरते दाबलेले नसते. चाकाच्या स्टडला तेल किंवा ग्रीस लावू नये ते याचसाठी. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. वेगळे काही हवे असेल तर मॅन्युअल तसे सांगते.

तांबडी माती हा या भागातला खास मुद्दा. पावसाळ्यात इथल्या कच्च्या रस्त्यांवरचा चिखल हबवर आणि चाकाच्या आतल्या तोंडावर थर धरून बसतो. त्या थरावरच चाक चढवून नट आवळले तर त्या क्षणी सगळे घट्ट वाटते. पुढच्या काही किलोमीटरांत मातीचा थर चेपतो, स्टडवरचा ताण उतरतो आणि नट ढिले पडतात. तारेच्या ब्रशने दोन्ही तोंडे घासून काढायला दोन मिनिटे लागतात. महागडा रेंच घेऊन ही दोन मिनिटे वाचवण्यापेक्षा साधा रेंच घेऊन ब्रश मारणे कितीतरी जास्त उपयोगाचे.

रेंच नसताना माणूस काय करतो तेही आकड्यांत पाहू. डिकीतला पाना साधारण २८ सेंटिमीटर लांब असतो. ८५ न्यूटन मीटर द्यायला त्याच्या टोकाशी सुमारे ३१ किलोचा जोर लागतो. चांगल्या दणकट माणसाने हाताने ओढले तर तो तिथपर्यंत जातो. पण आपल्याकडे पान्यावर उभे राहायची पद्धत आहे. ६० किलोचा माणूस पान्यावर चढला की १६४ न्यूटन मीटर झाले, जवळजवळ दुप्पट. मध्यम दर्जाच्या पोलादाचा १२ मिलिमीटरचा स्टड एवढ्याने आपली सोसण्याची हद्द ओलांडतो. तो लगेच तुटत नाही. थोडा कायमचा लांबतो आणि पुढच्या वेळी आटे धरत नाहीत. पान्यावर उभे राहणे सोडवताना चालेल, आवळताना कधीच नाही.

मोजून आवळण्याची गरज मोटारींच्याही बाहेरची आहे. १९१८ साली न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बाहर यांनी पीळ मोजणारा पाना बनवला, तो जमिनीखालच्या नळांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत म्हणून. आज बाजारात त्याचे तीन मुख्य प्रकार मिळतात.

पहिला काट्याचा. त्याला एक लांब पोलादी दांडी असते आणि तिच्याशेजारी एक मोकळी सळई. तुम्ही ओढता तेव्हा दांडी वाकते, सळई सरळच राहते, आणि तिचे टोक पट्टीवरचा आकडा दाखवते. आत स्प्रिंग नाही, खटका नाही, घासून झिजण्यासारखे काही नाही. रिकाम्या अवस्थेत काटा शून्यावर असेल तर पाना बरोबर आहे असे मानायला हरकत नाही. शून्यावर नसेल तर सळई हाताने हळूच वाकवून शून्यावर आणता येते. उणीव एवढीच की आकडा समोरून, सरळ पाहावा लागतो. चाकाशी वाकून बसलेल्या माणसाला ते दरवेळी जमत नाही, आणि रात्री तर नाहीच. मूठ बहुधा एका खिळीवर डोलणारी असते. ओढताना ती दोन्ही टोकांनी दांडीला टेकू न देता मधल्या खिळीवरच तोलून धरायची, नाहीतर जोराचे ठिकाण बदलते आणि आकडा चुकतो.

दुसरा खटक्याचा, आणि हाच सर्वांत जास्त खपतो. याच्या नळीत एक जाड स्प्रिंग असते. मूठ फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि ती पुढच्या एका छोट्या ठोकळ्याला जागेवर धरून ठेवते. नटावरचा पीळ स्प्रिंगच्या दाबाहून वरचढ झाला की ठोकळा कलंडतो, डोके नळीच्या आतल्या बाजूला आपटते आणि टक् असा आवाज येतो. आवाजाबरोबर हाताला झटका जाणवतो, त्यामुळे अंधारातही चालतो. पण नीट लक्षात घ्या: टक् झाले म्हणून पाना थांबत नाही. तुम्ही ओढत राहिलात तर नट पुढे आवळतच जातो. थांबायचे काम तुमचे.

तिसरा इलेक्ट्रॉनिक. दांडीचा ताण विद्युत संवेदकाने मोजून तो आकडा पडद्यावर दाखवतो. चांगला असतो, महाग असतो, आणि त्यातला सेल आयत्या वेळी उतरलेला असू शकतो. जून ते सप्टेंबर जिथे हवेतली ओल हटत नाही तिथे घरगुती कामासाठी मी तो सुचवणार नाही.

माझी शिफारस अर्ध्या इंची चौकोनाच्या (ज्यावर सॉकेट चढतो तो) खटक्याच्या पान्याची, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरच्या पल्ल्याच्या. पल्ला पाहताना एक नियम सांभाळा: खटक्याचा पाना आपल्या कमाल मापाच्या शेकडा २० पासून पुढेच भरवशाचा धरतात. २०० चा पाना ४० च्या खाली वापरायचा नाही. ८५ आणि १०३ हे आकडे पल्ल्याच्या मधोमध पडतात, आणि तिथेच पाना सर्वांत सुखाने काम करतो. शिवाय हा पाना लांब असतो. मध्यापासून मुठीपर्यंत ४२ सेंटिमीटर धरले तर ८५ न्यूटन मीटरसाठी साधारण २० किलोचा जोर पुरतो. घरातल्या कुणालाही तो जमेल.

दुकानात पाना हातात घेतलात की मापपट्टीचे एकक पाहा. आपल्या बाजारात फूट-पाउंड, किलोग्रॅम-बल मीटर आणि न्यूटन मीटर अशा तिन्ही पट्ट्यांचे पाने मिळतात, आणि एकाच नळीवर दोन पट्ट्या असणेही नेहमीचे. मॅन्युअलमधले ८५ फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावले तर प्रत्यक्षात ११५ न्यूटन मीटर होतात. पट्टीची रचनाही विक्रेत्याकडून समजून घ्या. २८ ते २१० च्या नेहमीच्या पान्यावर नळीवरच्या रेघा १४-१४ च्या अंतराने असतात: २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८. मधले आकडे मुठीच्या कडेवर गोल कोरलेले असतात. ८५ लावायचे तर मुठीची कड ८४ च्या रेघेवर आणायची आणि तिथून गोल पट्टी १ वर न्यायची. मग मुठीच्या बुडाचा स्क्रू आवळून माप पक्के करायचे. वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर वाचलेल्याला हे लगेच कळेल. इतरांनी दोन-चार आकडे दुकानातच लावून पाहावेत.

किंमत आणि ब्रँड यांवर लोक फार खल करतात. खटक्याच्या पान्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८९ असे सांगते की १० न्यूटन मीटरच्या वरच्या पल्ल्याच्या पान्याची चूक अधिक-उणे ४ टक्क्यांच्या आत असावी. ८५ ला ४ टक्के म्हणजे साडेतीन न्यूटन मीटरही नाहीत. घर्षणामुळे स्टडवरच्या प्रत्यक्ष ताणात जो फरक पडतो तो सहज २५ टक्के असतो. तेव्हा ४ टक्क्यांच्या पान्याऐवजी ३ टक्क्यांचा घेण्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात चाकाच्या बाबतीत काही अर्थ नाही. पान्यावर किंवा पेटीत या मानकाचा उल्लेख आणि त्या विशिष्ट पान्याच्या क्रमांकाचे तपासणीपत्र आहे का, एवढे पाहा. ते असेल तर साधा पाना पुरे.

आता वापर. चाक चढवण्याआधी हब आणि चाकाची तोंडे ब्रशने साफ करा, आटे कोरड्या ब्रशने झाडा. नट बोटांनी घाला आणि निदान चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरपे लागलेत किंवा खराब आहेत. तिथे पान्याचा जोर दाखवू नका. निमुळत्या बुडाचे नट असतील तर निमुळती बाजू चाकाकडे. चाक अधांतरी असतानाच साध्या पान्याने समोरासमोरचे नट हलके आवळून चाक हबवर सपाट बसवा. चार नट असतील तर फुलीच्या क्रमाने, पाच असतील तर एक सोडून एक असे ताऱ्याच्या क्रमाने. ओळीने गोल फिरत गेलात तर चाक एका बाजूला कललेले बसते. मग जॅक उतरवा, चाक जमिनीला टेकू द्या, आणि तेव्हाच टॉर्क रेंच हातात घ्या.

आधी ४०-५० वर लावून सगळ्या नटांवर त्याच क्रमाने एक फेरी मारा, मग पुऱ्या मापावर दुसरी. हात मुठीच्या मधोमध ठेवा. झटका न देता एकसंध, सावकाश ओढा. टक् झाले की तिथेच सोडा. पुन्हा दोनदा-तीनदा टक् करून खात्री करायची सवय अनेकांना असते, पण दर टक् नटाला अजून थोडा पुढे नेतो. एक पुरे. पेटीत बरेच दिवस पडून असलेल्या पान्याचा पहिला आवाज थोडा उशिरा येऊ शकतो, कारण आतले ग्रीस जागेवर थिजलेले असते. कामाआधी पाना शिकंज्यात धरून चार-पाच वेळा टक् करून घेतला की ग्रीस पसरते.

नवे चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा त्याच मापावर रेंच लावून बघा. मातीच्या रस्त्यांवर ही दुसरी फेरी चुकवू नका. इथे नट थोडा फिरून टक् झाला तर तो बसताना ढिला पडला होता, एवढे कळते.

या ठिकाणी फार मोठी गैरसमजूत आहे. दुकानातून टायर बदलून आणला, घरी येऊन ८५ वर रेंच लावला, सगळ्या नटांवर टक् आले. म्हणून नट बरोबर आवळलेत असे लोक धरून चालतात. टक् आवाजाचा अर्थ एवढाच की नट ८५ ला हलला नाही. तो ९० ला आवळलेला असेल तरी टक् येईल, आणि ३०० ला आवळलेला असेल तरी तसाच, तेवढाच येईल. जास्त आवळलेला नट टॉर्क रेंच ओळखू शकत नाही. गनने बसवलेल्या चाकाची खात्री करायची तर एकच मार्ग आहे: घरी येऊन एकेक नट लांब दांडीच्या पान्याने सोडवा आणि पुन्हा मापून आवळा. एका वेळी एकच, बाकीचे तसेच ठेवून. मी तर त्याही आधी टायरवाल्याला सांगतो की गन फक्त सोडवायला वापरा, बसवताना हाताने आवळा. चांगला कारागीर याचा राग धरत नाही.

लहान कामांसाठी हा मोठा पाना वापरू नका. १४ मिलिमीटरच्या स्पार्क प्लगला अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर लागतात, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०, आणि १० मिलिमीटरच्या प्लगला तर १० ते १२ च. मोठ्या पान्याच्या पट्टीवर हे आकडे एकतर नसतात, नाहीतर तळाच्या बेभरवशाच्या भागात असतात. हेडमधले आटे गेले तर दुरुस्ती खर्चिक. अशा कामांचा सराव असेल तर ३/८ इंची, ६० न्यूटन मीटरपर्यंतचा दुसरा पाना घ्या. एकाच पान्याचे पैसे असतील तर चाकासाठीचा घ्या आणि प्लगला कोनाची रीत वापरा: वॉशर असलेला नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत बसवायचा आणि मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यायचा. प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नका. इंजिनचे हेड बोल्ट मात्र घरी हात लावण्याजोगे नाहीत. आजच्या अनेक इंजिनांत ते आधी पीळ आणि मग ठरावीक कोन अशा दोन पायऱ्यांत आवळतात, आणि काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

आता भरवशाचा प्रश्न. मानकानुसार खटक्याचा पाना ५,००० वेळा वापरल्यावर किंवा १२ महिन्यांनी तपासून घ्यायचा असतो. घरगुती वापरात वर्षाला शंभरभर टक् होतील, त्यामुळे झीज हा मुद्दा नाही. पण पाना पडतो, गंजतो, स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत विसरली जाते. रीतसर तपासणी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत होते, आणि पुण्यासारख्या कारखान्यांच्या शहरात अशा प्रयोगशाळा आहेत. कुळगीहून दरवर्षी पाना तिकडे धाडणे कुणी करणार नाही, आणि चाकाच्या कामापुरती त्याची गरजही नाही. कारण पिळाचे मूळ माप तुमच्या गावातच आहे: किराणा दुकानातली किंवा भाताच्या गिरणीतली लोखंडी वजने. वजनमापे खाते ती ठरावीक मुदतीने तपासून त्यांच्यावर शिक्का मारते. २० किलोच्या वजनात १० ग्रॅमची चूक धरली तरी ती शेकडा ०.०५ होते. तुमच्या पान्याकडून अपेक्षा आहे ४ टक्क्यांची. त्याला तपासायला हे वजन गरजेपेक्षा कितीतरी जास्त अचूक आहे.

रीत अशी. एखाद्या वेल्डिंगच्या दुकानातल्या पक्क्या शिकंज्यात पान्याचा चौकोन धरायचा. पाना आडवा, जमिनीला समांतर, आणि मूठ अशा बाजूला की वजन खाली ओढेल तेव्हा आवळण्याच्याच दिशेने पीळ पडेल. मुठीच्या मधोमध दोरीची बारीक गाठ मारायची, आणि चौकोनाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर मोजायचे. समजा ते ४५ सेंटिमीटर भरले. गुरुत्वाचा आकडा आपल्या अक्षांशावर ९.७८ आहे. २० गुणिले ९.७८ गुणिले ०.४५, म्हणजे ८८ न्यूटन मीटर.

यात पान्याचे स्वतःचे वजनही धरायचे, कारण आडवा पाना स्वतःच्या भारानेही पीळ देत असतो. पाना बोटावर तोलून त्याचा मध्यबिंदू शोधा. तो चौकोनापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि पाना १.२ किलोचा असेल तर १.२ गुणिले ९.७८ गुणिले ०.२०, म्हणजे सव्वादोन-अडीच न्यूटन मीटर. एकूण झाले साधारण ९०.४.

आता पाना ८० वर लावून वजन हाताने धरून अलगद सोडा. ते धपकन सोडले तर क्षणभर जोर दुप्पट होतो आणि उत्तर खोटे येते. ८० ला टक् यायलाच हवे. मग वजन उचलून धरा, माप २ ने वाढवा, पुन्हा अलगद सोडा. ८२, ८४, ८६ असे चढत गेलात की एका मापाला टक् यायचे थांबेल. ती सीमा ८७ ते ९४ च्या दरम्यान असेल तर तुमचा पाना ४ टक्क्यांच्या आत आहे. अंतर मोजताना ५ मिलिमीटरची गफलत झाली तर उत्तरात १ टक्क्याहून थोडी जास्त चूक येते, म्हणून पट्टी नीट धरा. हाच प्रयोग चार-पाच वेळा करा. सीमा दरवेळी त्याच जागी आली पाहिजे. मग १० किलोच्या वजनानेही करून पाहा; वरच्याच अंतरावर ते ४६ च्या आसपास यायला हवे.

पाना दरवेळी तेवढाच चुकत असेल, म्हणजे दोन्ही वजनांना सारखाच ५ टक्के जास्त किंवा कमी दाखवत असेल, तर तो वापरता येतो. फरक पेटीच्या झाकणावर आत लिहून ठेवा आणि माप तेवढे बदलून लावा. सीमा एकदा ८२ ला, एकदा ९६ ला अशी नाचत असेल तर आतला ठोकळा किंवा स्प्रिंग गेली आहे, आणि अशा पान्याला हिशेबाने सावरता येत नाही. तपासणीची तारीख आणि आलेली सीमा झाकणावर लिहायची सवय लावा. पुढच्या वर्षीचा आकडा शेजारी लिहिलात की पाना कुठल्या बाजूला सरकतो आहे ते दिसते.

जपणूक सोपी आहे. काम झाले की माप पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. त्याहून खाली, मूठ सैल होईपर्यंत, फिरवू नका. आतले भाग जागा सोडतात. पावसाळ्यात पाना डिकीत ठेवू नका, कोरड्या कापडाने पुसून पेटीत घालून घरात ठेवा. आत तेल सोडू नका. अडकलेला नट सोडवायला टॉर्क रेंच कधीही वापरू नका, त्यासाठी लांब दांडीचा साधा पाना वेगळा ठेवा. मुठीत नळी घालून लांबी वाढवू नका. शेजाऱ्याला उसना द्यायचा असेल तर या गोष्टी सांगूनच द्या. आणि पाना सिमेंटच्या जमिनीवर पडला असेल, तर बाहेरून ओरखडाही दिसत नसला तरी वजन टांगून पाहिल्याशिवाय तो चाकाला लावू नका.